कोलंबस (इंडियाना) परिसरात बोकडाचं मटण: दुकान, शेतकरी की फ्रोझन?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामामुळे पुण्याहून कोलंबसला, म्हणजे इंडियानातल्या कोलंबसला आलोय. मुक्काम दोन-तीन वर्षांचा. गावात लॅम्ब मिळतं, तेही रॅक (बरगड्यांचा पट्टा) नाहीतर अख्खी रान (मागची तंगडी). बाकी गाय, डुक्कर, कोंबडी. बोकडाचा पत्ता नाही. नेटवर शोधायला गेलं की निम्मी दुकानं ओहायोतल्या कोलंबसची निघतात आणि ते इथून तीन तासांहून लांब.

घरात चौघं. महिन्याला पाच-सहा किलो मटण लागतं. कलेजी, पाया, वजरी मिळाली तर सोन्याहून पिवळं. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं:

तास-दीड तासाच्या टप्प्यात कुठे शोधावं? पाकिटावर कुठे 'गोट', कुठे 'मटन', कुठे 'शेव्हॉन' लिहिलेलं असतं, त्यातलं आपलं कुठलं? शेतकऱ्याकडून अख्खा बोकड घेतला तर तो कापून कोण देतं, हातात मटण किती पडतं, आणि कायद्याचं काय? शिवाय काही लोक म्हणतात इकडच्या बोकडाला वास येतो. हे खरं का?

---

हूझियर_मावळा

आधी शोधायची पद्धत बदला. गावाच्या नावाऐवजी झिप कोड टाका, 47201. ओहायो आपोआप गळेल. दुसरं, 'गोट मीट' असं शोधून फारसं हाती लागत नाही, कारण दुकानदार पाटीवर तसं लिहीतच नाहीत. 'हलाल मीट', 'इंटरनॅशनल ग्रोसरी', 'आफ्रिकन मार्केट', 'कार्निसेरिया' (मेक्सिकन खाटीक) हे शब्द टाका आणि सरळ फोन लावा. मेक्सिकन दुकानात 'चिवो', म्हणजे बोकड, आहे का विचारा. बिर्‍या (मेक्सिकन मटणाचा रस्सा) करणारी मंडळी ते घेतात, पण हल्ली बिर्‍या बहुतेक ठिकाणी गाईचीच असते, त्यामुळे फक्त शुक्रवार-शनिवारी किंवा ऑर्डरवर मिळेल असं उत्तर येऊ शकतं.

तुमच्या टप्प्यातली ठिकाणं: उत्तरेला आय-65 हायवेनं इंडियानापोलिस, साधारण पंचेचाळीस मैल. शहराच्या पश्चिमेला लाफायेट रोडचा पट्टा आहे. तिथं मेक्सिकन, आफ्रिकन, आशियाई दुकानं एकाला लागून एक, त्यात सारागा हे मोठं इंटरनॅशनल ग्रोसरीचं दुकान. प्लेनफील्डला इस्लामिक सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकाचं मुख्यालय आहे, त्यामुळे त्या अंगाला हलाल खाटीक शोधायला सोपे. दक्षिण भागात बर्मी चिन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या किराणा दुकानांत विचारून पाहा. तुम्हाला तो भाग सगळ्यात जवळ पडेल. पश्चिमेला ब्लूमिंग्टन, युनिव्हर्सिटीचं गाव, चाळीस मैलांच्या आसपास. विद्यार्थ्यांमुळे तिथली इंटरनॅशनल दुकानं फ्रोझन बोकड ठेवतात. एखादा रविवार मोडायचा असेल तर सिनसिनाटीजवळ फेअरफील्डला जंगल जिम्स. दुकान बघण्यासारखं आहे, पण फक्त मटणासाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही.

फोनवर एवढं विचारा: ताजं की फ्रोझन? इथलं की ऑस्ट्रेलियाचं? अख्ख्या किंवा अर्ध्या बोकडातून समोर कापून देता का? माल कोणत्या दिवशी येतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. माल गुरुवारी येत असेल आणि तुम्ही बुधवारी गेलात तर मागच्या आठवड्यातली उरलेली मान आणि सीनाच तुमच्या पिशवीत पडणार.

मोठ्या सुपरमार्केटला बोकडाच्या मटणावर कुठल्या देशाचं आहे हे लिहावंच लागतं. गाय आणि डुक्कर यांना त्या नियमातून 2015 साली वगळलं, बोकड आणि लॅम्ब अजून आहेत. पण निव्वळ खाटकाच्या दुकानाला हा नियम लागू नाही, म्हणून तिथं तोंडानं विचारणं आलं.

लेबलांचं: 'गोट' आणि 'शेव्हॉन' एकच. 'कब्रितो' म्हणजे दूधपितं करडू, फार कोवळं. रश्श्याला त्यात दम नसतो, भाजायला उत्तम. 'मटन' मात्र फसवं. अमेरिकन हिशेबात ते थोराड मेंढीचं, आणि देशी दुकानात बोकडाचंही असेल, मेंढीचंही. 'गोट की लॅम्ब' असंच विचारा.

उत्तरानं समाधान झालं नाही तर तुकडा बघा. मेंढीच्या मांसावर बाहेरून पांढऱ्या, घट्ट, मेणासारख्या चरबीचा थर असतो. बोकडाला वरची चरबी जवळपास नसतेच, जी काही असते ती आत, गुर्द्याभोवती. बोकडाचं मांस जास्त गडद आणि वरची पातळ पापुद्र्याची त्वचा बोटाला किंचित चिकटते. आणि ट्रेमध्ये लाल पाणी साचलेलं दिसलं तर 'फ्रेश' पाटी असली तरी ते वितळवलेलं फ्रोझन असण्याची शक्यता दाट. ते घरी नेऊन पुन्हा गोठवू नका, दोन दिवसांत शिजवा.

दुकानदाराला फक्त 'करी कट' म्हणालात तर तो गोठलेला धडाचा भाग करवतीवर ठेवून सरसकट तुकडे पाडेल आणि त्यात निम्मा सीना-बरगड्या येतील. म्हणून सांगायचं: अर्धी रान, अर्धा खांदा, मानेचे दोन-तीन तुकडे, नळी वेगळी. पाच किलो म्हणजे अकरा पौंड. एका वेळी तेवढं मागितलं की तो समोरच नवा बोकड काढतो आणि निवड तुमच्या हातात राहते. दोन पौंड मागणाऱ्याला ट्रेमधलंच मिळतं.

---

बोल्हाईकर

एक आडवाट. घरात बोल्हाईचं मटण चालत असेल, म्हणजे मेंढीचं, तर निम्मा प्रश्न इथेच मिटतो. पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत बोकड वर्ज्यच असतो. त्यांच्यासाठी अमेरिका सोपी आहे.

पण अमेरिकन लॅम्ब म्हणजे आपली दख्खनी मेंढी नव्हे. जनावर दुपटीनं मोठं, मक्यावर वाढवलेलं आणि चरबी भरपूर. रॅक किंवा लेग घेऊ नका, महाग पडतं आणि रश्श्याला चवही लागत नाही. 'शोल्डर चॉप्स, बोन-इन' (खांद्याचे, हाडासकट) घ्या, प्रत्येकाचे तीन-चार तुकडे करा आणि वरची पांढरी चरबी सुरीनं काढून टाका. लॅम्बचा तो विशिष्ट वास त्या चरबीतच असतो. ती राहिली तर तर्रीवर तुपासारखा थर येतो आणि गार झाला की टाळूला चिकटतो.

---

चार_दाती

शेतकऱ्याकडून घेण्याबद्दल सांगतो. जरा लांबेल, पण अर्धवट माहितीवर हा उद्योग करू नये.

इंडियानात बोकड पाळणारे भरपूर आहेत, फक्त ते मटण विकत नाहीत, जनावर विकतात. मटण दुकानात विकायचं तर कापताना सरकारी तपासणी लागते आणि दोन-चार बोकडांसाठी ती कटकट कोणी करत नाही. त्याऐवजी तुम्ही जिवंत बोकड विकत घ्यायचा आणि तुमच्या मालकीचा बोकड गावातल्या छोट्या प्रोसेसरनं कापून द्यायचा. इकडे अशा जागेला 'लॉकर' म्हणतात. याला 'कस्टम एक्झेम्प्ट' (घरच्या वापरापुरती तपासणीतून सूट) म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. पाकिटांवर 'नॉट फॉर सेल' शिक्का मारून मिळतो. ते मटण मालकानं, त्याच्या घरच्यांनी आणि फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांनी खायचं, विकायचं नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी लॉकरची तारीख, मग बोकड. लोक उलटं करतात आणि बोकड विकत घेऊन सहा आठवडे शेतकऱ्याच्या दारात खुराकाचे पैसे भरत बसतात. जुलैत काउंटी फेअर झाली की 4-एच (गावाकडच्या पोरांचं मंडळ) पोरांची जनावरं एकदम लॉकरला येतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा मोसम, तेव्हा तर लॉकरवाला फोनही उचलत नाही. बहुतेक करडं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, म्हणजे ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबरपर्यंत ती साठ ते ऐंशी पौंडांची होतात. कोवळेपणा, वजन आणि लॉकरची सवड हे तिन्ही त्याच काळात जुळतं. तारीख जूनमध्येच घेऊन ठेवा. बकरी ईद आणि ईस्टरच्या आधीचे तीन-चार आठवडे भाव चढतात, ते टाळा.

बोकड कसा निवडायचा. जात बोअर किंवा बोअर-क्रॉस असेल तर अंगावर मांस जास्त. किको थोडा सडसडीत, पण चांगला. न्यूबियन, अल्पाइन, सानेन ह्या दुधाच्या जाती. त्यांची नर करडं स्वस्तात मिळतात कारण डेअरीवाल्याला नको असतात, पण त्यात हाड जास्त. स्वस्त म्हणून हरकत नाही, फक्त वजनाचा हिशेब कमी धरा.

तोंड उघडून दात बघा. पुढचे आठही दुधाचे असतील तर आदत, म्हणजे वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे आले असतील तर वर्षाच्या पुढचा. चार दाती असेल तर दोन वर्षांच्या घरातला: खाटकाला चालेल, तुम्हाला नको. पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणके टोचले तर वाळलेला, अजिबात लागले नाहीत तर चरबट. खालची पापणी ओढून बघा, आतून लाल-गुलाबी हवी. पांढरट असेल तर पोटात जंत आहेत. इकडच्या दमट उन्हाळ्यात 'बार्बर पोल' नावाचा रक्त पिणारा जंत फार होतो.

आणि म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, कोणतं दिलं आणि व्हेटनं कापायच्या आधी किती दिवस थांबायला सांगितलंय? बोकडांना दिली जाणारी बरीच औषधं मुळात गाई-मेंढ्यांसाठी मंजूर असतात, त्यामुळे डब्यावरचे दिवस बोकडाला लागू पडतीलच असं नाही. शेतकरी वही काढून तारीख दाखवतो का बघा. 'असंच काहीतरी दिलं होतं' म्हणाला तर दुसरा शेतकरी गाठा. लिलावातून बोकड न घेण्याचं कारण हेच, तिथं ही वही नसते आणि आटलेल्या म्हाताऱ्या शेळ्याही तिथंच येतात.

खच्ची केलेला, म्हणजे 'वेदर', असेल तर डोळे मिटून घ्या. आंडील घ्यायचा तर सहा महिन्यांच्या आतला. पाट, म्हणजे कोवळी मादी, चालते, मऊही असते, पण शेतकरी ती पैदाशीला ठेवतो म्हणून महाग सांगतो. कानात स्क्रेपीचा (शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा रोग) बिल्ला लागतो का, ते लॉकरवाल्याला आधीच विचारा. बोकड गाडीच्या डिकीत घालून नेण्याच्या भानगडीत पडू नका, दहा-वीस डॉलर जास्त देऊन शेतकऱ्यालाच लॉकरवर सोडायला सांगा. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू. पोट भरलेलं असलं की आतडं काढताना फुटतं आणि मांस खराब होतं.

लॉकरवाल्याला 'कट शीट' भरून द्यावी लागते. त्यांना हरीण आणि गाय ठाऊक असते, आपले तुकडे नाही. असं लिहा:

खांदे, मान, सीना आणि एक रान: बोन-इन स्ट्यू, दीड इंची तुकडे. पायाच्या नळ्या दोन ते अडीच इंच, त्याहून लहान केल्या तर मगज शिजताना निघून रश्श्यात विरघळतो. बरगड्या आडव्या कापून दोन इंची पट्ट्या. पाठीचे चॉप्स एक इंच जाड. दुसरी रान अख्खी, किंवा तिचा खिमा. पाकीट दोन पौंडांचं.

खिमा सांगताना ठळक लिहा: दुसरी कोणतीही चरबी घालू नये. हरणाचं मांस कोरडं म्हणून त्यात डुकराची किंवा गाईची चरबी मिसळायची इथे सवय आहे. बोकडही कोरडाच, त्यामुळे न सांगता मिसळली जाऊ शकते. करवत आणि खिम्याचं मशीन आधी डुकराला वापरलेलं चालत नसेल तर सकाळचा पहिला नंबर मागा, धुतलेल्या मशीनवर तुमचंच काम आधी होतं.

कापल्यावर दोन दिवस लटकवून ठेवायला सांगा. बोकडाच्या अंगावर चरबीचं पांघरूण नसतं, त्यामुळे धड फार लवकर गार होतं. ताठरपणा येऊन उतरण्याआधीच थंडी लागली किंवा त्याच दिवशी गोठवलं तर स्नायू आखडतात आणि मग तासभर शिजवलं तरी मटण चिवटच. 'बोकड कोवळा होता तरी शिजेना' अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेक इथं असतं. गाईसारखं दोन आठवडे लटकवायचीही गरज नाही, नुसतं वाळून वजन घटेल.

आता वजरी-पाया. हे बोकड सोडतानाच सांगायचं, नंतर फोन करून उपयोग नाही, तोवर कचऱ्यात गेलेलं असतं. कलेजी, दिल, गुर्दे, तिल्ली, जीभ बिनदिक्कत देतात. मुंडी सोलून देतात, भाजून नाही. पाय केसांसकट मिळतील. साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून खरवडा आणि उरलेले केस टॉर्चनं जाळा. उकळतं पाणी वापरलं तर केस उलट घट्ट बसतात. वजरी सगळे देत नाहीत. दिली तरी न धुता, म्हणून झाकणाची बादली घेऊन जा आणि त्याच दिवशी स्वच्छ करा. फोप्सं मात्र विसरा. अमेरिकेत जनावराची फुप्फुसं माणसाच्या खाण्यासाठी ठेवायला मनाई आहे.

---

सिंहगडरोडकर

चार_दाती, हे तर कात्रण करून ठेवण्यासारखं. दोन शंका. पैशाचा हिशेब दुकानापेक्षा परवडतो का? आणि आम्ही चार घरं मिळून दोन बोकड घेतले तर? मंडळाची उन्हाळी सहल असते, तिथं तेच मटण करता येईल का?

---

चार_दाती

हिशेबाची रीत सांगतो, भाव त्या वेळचा तुम्ही घाला. ऐंशी पौंडांचा चांगला बोकड कापल्यावर 45 ते 50 टक्के उतरतो, म्हणजे लटकलेलं वजन छत्तीस ते चाळीस. डेअरीच्या जातीचा असेल तर 40-45 धरा. गार होताना पाणी उडतं, थोडी छाटणी होते. हाडासकट पाकिटांत साधारण पस्तीस पौंड, सोळा किलो. कलेजी वगैरे वेगळी.

समजा जिवंत वजनाला साडेतीन डॉलर पौंड, म्हणजे 280. लॉकरचे कापण्या-बांधण्याचे मिळून 120 धरा. 400 भागिले 35, पौंडाला साडेअकराच्या आसपास. दुकानात फ्रोझन याहून स्वस्त मिळू शकतं. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून या वाटेनं जाऊ नका. कोवळं, आपल्या निवडीचं, आपल्या मापानं कापलेलं आणि कलेजी-मुंडीसकट हवं असेल तर जा. शेतकरी 'हँगिंग वेट'वर भाव सांगत असेल तर तो दुप्पट वाटेल, घाबरू नका, लटकलेल्या वजनाला तो तितकाच पडतो.

चार घरं: चालतं, फक्त बोकड जिवंत असतानाच चौघांची नावं मालक म्हणून शेतकऱ्याच्या पावतीवर आणि लॉकरच्या कागदावर हवीत. एकानं घेऊन, कापून मग पौंडावर इतरांना विकलं तर तो गुन्हा.

सहल: तिकीट लावलं असेल तर 'नॉट फॉर सेल' शिक्क्याचं मटण तिथं चालणार नाही. त्यासाठी तपासणी झालेलं हवं. तपासणी फेडरल खात्याची असो किंवा इंडियानाच्या बोर्ड ऑफ ॲनिमल हेल्थची, इंडियानात कुठलीही चालते. काही लॉकरमध्ये आठवड्यातून ठरावीक दिवशी तपासनीस असतो. त्या दिवसाची तारीख घेऊन तोच बोकड तपासणीखाली कापून घ्या, प्रश्न मिटला.

---

ह्यूस्टनचा_बाब्या

ऑस्ट्रेलियन फ्रोझनला लोक उगाच नाकं मुरडतात. अमेरिकेत बाहेरून येणारं बोकडाचं मटण बहुतांशी तिथलंच. ती मोकाट रानात चरणारी जनावरं, अंगावर चरबी नाही, मांस गडद, चव खमंग. तांबड्या रश्श्याला मला तरी तेच आवडतं. अडचण एकच: एकाच खोक्यात कोवळं आणि जून दोन्ही येतं, त्यामुळे एका पाकिटातले काही तुकडे विरघळतात आणि काही दाताला लागतात.

पाकीट घेताना खाली रक्ताचा गोठलेला थर आहे का बघा. असेल तर ते मधे एकदा वितळलेलं आहे. आत बर्फाचे काटे आणि कडा पांढरट-वाळलेल्या असतील तर जुनं. 'सिक्स-वे कट' लिहिलेलं खोकं म्हणजे अख्ख्या धडाचे सहा मोठे भाग. ते घरी कापायचा हट्ट करू नका. कोयत्यानं गोठलेलं हाड फुटत नाही, फुटलं तर किरचा उडतात. दुकानातच करवतीवर कापून घ्या. करवतीनं किरचा होत नाहीत, पण हाडाचा भुसा मांसाला चिकटतो. तो सुरीच्या पाठीनं खरवडून काढा, नाहीतर रस्सा पिठूळ लागतो.

जवळ कॉस्टकोचं बिझनेस सेंटर असेल तर तिथं अख्खा फ्रोझन बोकड मिळतो. साध्या कॉस्टकोत शोधत फिरू नका.

---

रश्श्याची_वाटी

वासाचं आणि शिजण्याचं राहिलं.

वास खरा आहे, पण तो बोकडजातीचा नाही, माजावर आलेल्या आंडील बोकडाचा. इकडे माजाचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. तेव्हा तो स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो आणि चरबीतही तो उग्र वास उतरतो. सोलताना केसाळ बाजूचा हात मांसाला लागला की उरलेलंही बाटतं. असं मटण घरी आलंच तर दिसेल ती चरबी आणि वरचा पापुद्रा काढा, मीठ-हळद-आलं चोळून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, सुटलेलं पाणी फेका. त्यानं निम्मा वास जाईल, सगळा नाही. मग त्याचं अळणी किंवा पांढरा रस्सा करू नका, तिथं लपायला जागा नसते. काळा मसाला, सुकं खोबरं, भाजलेला कांदा घालून सुकं करा.

वेळ: तुमचा हॉकिन्स-प्रेस्टीज सोबत आणला असेल तर त्याचा दाब साधारण 15 पीएसआय. इन्स्टंट पॉटचा (विजेवरचा कुकर) 10 ते 12 च्या मधे. त्यामुळे घरच्या शिट्ट्यांचा हिशेब त्याला लावला की मटण कच्चं राहतं. सात-आठ महिन्यांचा इथला बोकड: कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं, इन्स्टंट पॉटला वीस. ऑस्ट्रेलियन फ्रोझन: कुकरला पंचवीस ते तीस, इन्स्टंट पॉटला चाळीस. दाब आपोआप उतरू द्या. वाफ एकदम सोडली की आतलं पाणी उकळून बाहेर येतं आणि तुकडा दोऱ्यासारखा कोरडा पडतो. मिसळ वयाचं पाकीट असेल तर आधी कमी वेळ लावा, झालेले तुकडे चिमट्यानं बाहेर काढा आणि उरलेले पुन्हा दहा मिनिटं चढवा.

फ्रोझन मटण पाणी फार सोडतं. किलोभर मटण तेल, आलं-लसूण, हळद, मीठ घालून परतलं की पातेल्यात कपभर पाणी आपसूक जमतं. ते आटून तेल दिसेपर्यंत परता, तेव्हा कुठे मांसाला रंग चढतो. त्याआधीच गरम पाणी ओतलं तर मटण उकडल्यासारखं फिकं होतं आणि मसाला वर तरंगत राहतो. सीनाचे तुकडे आणि नळ्या तळाशी, रानेचे वर.

उन्हाळ्यात ग्रिलवर खिम्याचे सीख करणार असाल तर थर्मामीटर घ्या. खिम्याला आत 71 अंश सेल्सिअस हवेत, चॉप्सना 63 आणि तीन मिनिटं विसावा. बोकडाचा खिमा कोरडा असतो, म्हणून गुर्द्याभोवतीची चरबी लॉकरकडून मागून घ्या आणि किलोला शंभर ग्रॅम मिसळा.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. लॉकरला फोन केला, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख मिळाली. पहिला बोकड एकट्यासाठीच घेतोय. पस्तीस पौंड मटण साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मावेल का? आणि किती दिवस टिकतं?

---

चार_दाती

कप्पा रिकामा असेल तर मावेल, पण तसा तो कोणाचाच नसतो. एक घनफूट जागेत पंचवीस ते तीस पौंड बसतं, म्हणजे तुम्हाला सव्वा-दीड घनफूट मोकळं हवं. पाच घनफुटांचा छोटा चेस्ट फ्रीझर घेतलात तर पुढच्या वेळी अख्खे दोन मावतील.

लॉकरवरून गोठवलेलंच घ्या. 'ताजं द्या, घरी गोठवतो' म्हणू नका, घरचा फ्रीझर एवढा माल एकदम गोठवायला दोन दिवस घेतो आणि तोवर मोठे बर्फकण होऊन मांस फाटतं. व्हॅक्यूम पाकीट मागताना हाडांच्या टोकांना जाड कापड लावायला सांगा, नाहीतर बरगडी प्लास्टिक भोसकते आणि महिन्याभरात तेवढा भाग वाळतो. फ्रीझर पेपरमध्ये गुंडाळून देत असतील तर दुहेरी.

तुकडे सहा ते नऊ महिने, खिमा तीन-चार. कलेजी-गुर्दे आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाऊन टाका. वितळवायचं असेल तेव्हा दोन पौंडांचं पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटलीत. घाई असेल तर पाकीट बंद ठेवून गार पाण्यात तासभर, अर्ध्या तासानं पाणी बदलून. प्रत्येक पाकिटावर कुठला भाग ते लॉकरकडूनच लिहून घ्या, गोठल्यावर मान आणि खांदा ओळखू येत नाही.